व्यायामात खर्चलेले उष्मांक पुन्हा खावेत काय?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. निवृत्त शिक्षकाच्या हाती विषय दिला की तो बहुधा संस्कार, शिस्त किंवा वाचन यांपैकी काहीतरी उचलतो, आणि मागच्या रांगेतील मंडळी हळूच चहाच्या दिशेने सरकू लागतात. आम्ही आज तसे काही करणार नाही. ज्या प्रश्नावरून आपल्यापैकी कित्येकांच्या घरी रोज सकाळी न्याहारीच्या वेळी शब्दाला शब्द लागतो, तोच प्रश्न आम्ही आज घेतला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु हा प्रश्न निम्म्याहून अधिक बेरीज-वजाबाकीचाच आहे, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

प्रश्न असा. वजन कमी करावयाचे म्हणून मनुष्य आहार बेताचा ठेवतो आणि त्याशिवाय व्यायामही करतो. व्यायामात काही उष्मांक खर्च होतात. हे खर्च झालेले उष्मांक त्याने पुन्हा खाऊन भरून काढावेत, की तसेच सोडून द्यावेत?

आमच्या परिचयाच्या एका घरात सूनबाईंनी मनगटावर बांधावयाचे ते नवे घड्याळ घेतले आहे. दीड तास चालून त्या परत येतात तेव्हा घड्याळ सांगते की ३६० उष्मांक खर्च झाले. सासूबाई म्हणतात, "अगं, एवढी चालून आलीस, दोन घास जास्त खा, नाहीतर चक्कर येऊन पडशील." चिरंजीव म्हणतात, "परत खायचंच असेल तर चाललीस कशाला?" सूनबाई दोघांच्याही तोंडाकडे पाहतात आणि अखेरीस घड्याळाचे ऐकतात. सासूबाई आणि चिरंजीव या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घड्याळाच्या म्हणण्यात मात्र त्या मानाने कमी आहे. ते कसे, हेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

प्रथम उष्मांक म्हणजे काय ते पाहू. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. अन्नाचे शरीरात होते ते एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, हे फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात दाखवून दिले. त्यांनी एका गिनी पिगास बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने माणूस आत राहू शकेल एवढी मोठी पेटीच बांधली आणि त्याच्या आहाराचा व उष्णतेचा ताळेबंद जुळविला. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे चार उष्मांक आणि स्निग्धाच्या एका ग्रॅममागे नऊ, हे जे अंक आज बिस्किटांच्या पुड्यावरच्या आकड्यांमागे असतात, ते त्याच परंपरेतले. एक मोठा चमचा तूप म्हणजे पंधरा ग्रॅम. त्याचे झाले सुमारे १३५. हा गुणाकार स्वयंपाकघरात सर्वांनी पाठ करावा.

आता खर्चाची बाजू. पुष्कळांची समजूत अशी की आपण हालचाल करतो तेव्हाच उष्मांक जळतात. तसे नाही. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम आपण झोपलो असतानाही चालू असते, आणि बैठे जीवन जगणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या एकूण खर्चापैकी सुमारे साठ-सत्तर टक्के खर्च या मूळच्या कामावरच होतो. अन्न पचविण्यास सुमारे दहा टक्के जातात. उरलेल्यात आपले उठणे-बसणे, घरकाम आणि तो प्रसिद्ध व्यायाम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या कोष्टकाप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठ्या कामासाठी दिवसाला २,११० उष्मांक, मध्यम कष्टाच्या कामासाठी २,७१० आणि जड कामासाठी ३,४७० लागतात. ५५ किलोच्या स्त्रीस हेच आकडे १,६६०, २,१३० आणि २,७२० असे आहेत.

या कोष्टकात एक खड्डा आहे आणि त्यात आपली शिकलेली मंडळीच अधिक पडतात. बँकेत काम करणारा मनुष्य सकाळी तासभर चालतो आणि मनाशी म्हणतो, आपण आता बैठे राहिलो नाही, मध्यम झालो. बैठे आणि मध्यम यांत सहाशे उष्मांकांचे अंतर आहे. तासाच्या चालण्याने त्याच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक भरते. मध्यम म्हणजे दिवसभर उभे राहून हातापायांचे काम करणारा. गवंड्याचा आहार तासभर चालणाऱ्याने घेतला तर काय होईल ते सांगावयास नको. याहून गंमत अशी की काही जण आहार ठरविताना व्यायाम धरून आकडा घेतात, आणि मग चालून आल्यावर घड्याळातले उष्मांक त्यात पुन्हा मिळवितात. एकच रक्कम दोनदा जमा! कोणत्याही वाण्याच्या वहीत ही चूक निघाली असती तर तिघांचे भांडण झाले असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की आपण जो आहार ठरविला, त्यात व्यायाम आधीच धरला आहे काय? धरला असेल तर पुन्हा खाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

धरला नसेल तर पुढे चलू, आणि सूनबाईंचा हिशेब फळ्यावर मांडू. त्यांचे वजन ६८ किलो. दीड तासात साडेसात किलोमीटर चालणे. अशा चालीने तासाला किलोमागे सुमारे साडेतीन उष्मांक खर्च होतात, म्हणजे दीड तासात ३५७. घड्याळाने ३६० सांगितले, ते काही खोटे नव्हे. परंतु तो दीड तास त्या घरी खुर्चीवर बसून राहिल्या असत्या तरी तासाला किलोमागे एक या हिशेबाने १०२ उष्मांक खर्च झालेच असते. ते तर दिवसाच्या मूळ खर्चात आधीच धरलेले आहेत. ही वजाबाकी केली म्हणजे चालण्यामुळे झालेला खरा जादा खर्च २५५ एवढाच उरतो. ज्यांना सोपे सूत्र हवे त्यांनी असे लक्षात ठेवावे की सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने एक किलोमीटर चालण्याचा जादा खर्च वजनाच्या किलोमागे सुमारे अर्धा उष्मांक असतो, आणि धावण्याचा सुमारे एक.

आम्ही येथे घड्याळाचा आकडा हिशेबाशी जुळल्याचे धरले, कारण उदाहरण सोपे व्हावे. प्रत्यक्षात ही यंत्रे नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजतात, पण उष्मांकांचा केवळ अंदाज करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात यंत्रे साठ माणसांवर तपासली. उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईटाची ९३ टक्के आढळली. यंत्रे सुधारत असतील. तथापि मापात एवढा फरक ठेवणाऱ्या दुकानदाराकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही, आणि येथे मात्र त्याच्या शब्दावर जेवावयास बसतो.

वजाबाकी अजून संपली नाही. शरीर काटकसरी आहे. तुम्ही एका बाजूने खर्च वाढविला की ते दुसऱ्या बाजूने थोडा हात आखडते. सकाळी चालून आलेला मनुष्य दुपारी जरा अधिक लवंडतो, जिना टाळतो, पाण्याचा तांब्याही दुसऱ्याला आणावयास सांगतो, हे आपण पाहतोच. पण शरीराच्या आतील कामांतही काही कपात होत असावी असे शास्त्रज्ञांस वाटते. टांझानियातील हाड्झा नावाचे शिकार व कंदमुळे यांवर जगणारे लोक दिवसभर रानोमाळ हिंडतात. हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली त्यांचा दिवसाचा एकूण खर्च प्रसिद्ध केला, तेव्हा शरीराचा आकार लक्षात घेता तो शहरातील बैठ्या अमेरिकनांइतकाच निघाला. पुढे २०२१ साली १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असे दिसले की हालचालीत वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के शरीर इतरत्र वाचवून घेते. ही सरासरी आहे, प्रत्येकास तंतोतंत लागू पडेल असे नाही. शरीरात मेद अधिक असणाऱ्यांत ही बचत अधिक दिसली.

तेव्हा २५५ मधून २८ टक्के वजा केले की उरतात १८४. घड्याळाने सांगितलेल्या ३६० पैकी निम्मे! आता सूनबाईंनी आहारात रोज ४०० उष्मांकांची तूट ठेवली आहे असे समजा. चालण्याबद्दल त्यांनी काहीच जादा खाल्ले नाही, तर तूट ५८४ होईल. घड्याळाचे ऐकून पुरे ३६० खाल्ले तर ती २२४ वर येईल. आणि निम्मे, म्हणजे १८० खाल्ले, तर तूट ४०४, म्हणजे मूळची होती तीच राहील. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. त्या हिशेबाने महिन्याला काहीच न खाता सव्वादोन किलो, निम्मे खाऊन दीड किलोच्या वर थोडे, आणि पुरे खाऊन पाऊण किलोच्या वर थोडे वजन उतरावे. हा ७,७०० चा नियम १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरांनी पौंडाला ३,५०० या रूपात मांडला तेव्हापासून चालत आला आहे. शरीर हलके होत गेले की त्याचा खर्चही कमी होतो, म्हणून पुढच्या महिन्यांत वेग मंदावतो. तेव्हा कोणी आमच्या फळ्यावरचे गणित घेऊन वर्षाचा भागाकार करू नये.

हे सारे गणित ताटातले अन्न बिनचूक मोजले तर खरे. आणि तेथेच सगळे पाणी मुरते. न्यूयॉर्कमधील काही डॉक्टरांनी १९९२ साली अशा स्थूल व्यक्तींची तपासणी केली, ज्यांचे म्हणणे होते की आम्ही अगदी थोडे खातो तरी वजन उतरत नाही. त्यांच्या शरीराचा खर्च मोजला तर तो ठीक होता. परंतु त्या जेवढे खात होत्या त्याहून ४७ टक्के कमी सांगत होत्या, आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के वाढवून सांगत होत्या. त्यांत लबाडी होतीच असे आम्ही म्हणणार नाही. भाजीवर सुटणारा तेलाचा तवंग, मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, पाहुण्याबरोबर घेतलेला चहा आणि देवाच्या प्रसादाचा शिरा यांची नोंद आपल्या मनाच्या वहीत होतच नाही. एक मूठ भाजलेले शेंगदाणे, समजा तीस ग्रॅम, म्हणजे १६५ ते १७०. सूनबाईंच्या दीड तासाच्या पायपिटीची खरी कमाई १८४. हे ऐकून आमच्या घरातील शेंगदाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला आहे, ही गोष्ट वेगळी!

आणि चालणाऱ्या पुरुषमंडळींविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. आपल्या मंडळाचा रविवारचा प्रभातफेरीचा उपक्रम उत्तम आहे. पण ती फेरी ज्या कोपऱ्यावर संपते तेथे मिसळीचे दुकान आहे, आणि ते तेथे योगायोगाने आहे असे मानावयास आम्ही तयार नाही. मिसळ खावी; ती खाण्यासाठी चालावे हेही आम्हांस मान्य आहे; मात्र मग ते वजन उतरविण्याच्या खात्यात मांडू नये.

येथवर ऐकून चिरंजीव जिंकले असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. सासूबाईंची बाजू मांडण्यासाठी आम्ही आपणांस कलकत्त्याजवळच्या एका तागाच्या गिरणीत नेतो.

या गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप यांची पाहणी करून जाँ मेयर यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९५६ साली ती प्रसिद्ध केली. जगातील आहारशास्त्राच्या अभ्यासात आजही तिचा उल्लेख होतो, आणि ती आपल्याच देशातील कष्टकऱ्यांवर झालेली आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. गिरणीत सर्व प्रकारचे लोक होते. गिरणीजवळ दुकान मांडून दिवसभर गादीवर बसणारे, देखरेख करणारे, कारकून, यंत्रावर काम करणारे, विणकर, आणि शेवटी कोळसा व राख ओढणारे आणि पाठीवर ओझी वाहणारे. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत पाहत गेल्यास असे दिसले की काम वाढते तसा आहार वाढतो आणि वजन जवळजवळ एकसारखे राहते. म्हणजे ओझी वाहणारा हमाल आपले खर्चलेले उष्मांक रोज परत खात होता, तेही कोणत्याही घड्याळाशिवाय. केवळ भुकेच्या सांगण्यावरून, आणि त्याचा हिशेब बरोबर येत होता. परंतु बैठ्या माणसांकडे वळल्यावर चित्र उलटले. काम सर्वांत कमी असूनही गादीवरच्या दुकानदाराचा आहार कमी नव्हता. तो भारी काम करणाऱ्यांच्या आहाराइतका गेला होता, आणि वजने मात्र पुष्कळ अधिक होती. ही एका वेळची पाहणी होती, प्रयोग नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही आम्हांस तिचा अर्थ असा दिसतो की कष्टाच्या जीवनात भूक हा प्रामाणिक मुनीम असतो आणि बैठ्या जीवनात तोच मुनीम वही हरवून बसतो.

आपल्या आजे-पणज्यांनी कधी उष्मांक मोजले नाहीत. शेतात राबणे, जात्यावर दळणे, विहिरीचे पाणी ओढणे, आणि मग तीन भाकऱ्या. "कष्टाचं शरीर आहे, पोटभर जेव" हे सासूबाईंचे वाक्य त्या जगातून आले आहे, आणि त्या जगात ते अक्षरशः खरे होते. आजही ज्याचे काम खरोखर कष्टाचे आहे त्यास ते लागू आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणारा ६० किलो वजनाचा वारकरी ज्या दिवशी वीस किलोमीटर चालतो, त्या दिवशी त्याचा जादा खर्च आपल्या सूत्राप्रमाणे ६०० उष्मांकांचा होतो. दिंडीच्या पंगतीत त्याने हात आखडून जेवावे असे कोणी सुचविले तर ते शास्त्र नव्हे, क्रौर्य होईल. वजन उतरविण्यास वारीचे दिवस निवडूच नयेत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः येथे उभे आहोत तिच्याकडे येतो. ती थोडी नाजूक आहे. भगिनींनी क्षमा करावी. आपल्या ज्ञातीतील एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. रोज पहाटे धावणे, संध्याकाळी पुन्हा मैदान. त्याच सुमारास घरात स्थळे पाहण्यास आरंभ झाला, आणि कोणीतरी तिला म्हटले की अंगाने जरा कमी झालीस तर बरे. मुलीने भात सोडला, पोळी एकावर आणली आणि धावणे वाढविले. वजन उतरले, सर्वांनी कौतुक केले. चार महिने तिचा मासिक धर्म बंद होता हे तिने घरात सांगितले नाही. पुढे पायाच्या नडगीत सतत दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी हाडास बारीक तडा गेल्याचे सांगितले, आणि औषधाच्या आधी आहार लिहून दिला. भरतीचे ते वर्ष गेले. तिच्या आईने हे सांगण्यास आम्हांस अनुमती दिली आहे, कारण दुसऱ्या घरात हे घडू नये.

खेळाडूंमध्ये हा प्रकार इतका आढळतो की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली त्यावर स्वतंत्र निवेदन काढले. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या मूळ कामांसाठी पुरेसे उष्मांक उरले नाहीत, तर शरीर प्रथम जे तूर्त अडत नाही ते बंद करते. स्त्रियांत मासिक धर्म, पुढे हाडांची डागडुजी, रोगप्रतिकार, मनाची उभारी. पुरुषही यातून सुटत नाहीत. अमेरिकेत मिनेसोटा येथे अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांवर ठेवले, आणि आठवड्याला बावीस मैल, म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटर चालावयास लावले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. ते निस्तेज, चिडखोर, थंडीने कुडकुडणारे झाले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. हा १,५७० चा आकडा आपण नीट ऐकावा. आज कित्येक तरुण मुली याहून कमी आहारावर राहून शिवाय रोज धावतात आणि त्याला निर्धार म्हणतात. स्थळ पाहणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की मुलीच्या अंगलटीवर शेरा मारण्याची जी रीत आपल्यात आहे ती आता आवरावी. मुलगी काय शिकली, काय करू इच्छिते, हे विचारण्यास पुष्कळ आहे.

दुसरा वर्ग मधुमेही बंधुभगिनींचा. जे इन्शुलिन टोचून घेतात अथवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी व्यायामाचे उष्मांक सोडून द्यावेत हा सल्ला सरसकट मानू नये. औषध साखर खाली आणते, चालणेही खाली आणते, आणि पोट रिकामे असेल तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. अशांनी डॉक्टरांस विचारून औषधाचे प्रमाण व चालण्याची वेळ ठरवावी, आणि खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. सासूबाईंची चक्कर येण्याची भीती खरी आहे ती येथे. एरवी निरोगी माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत मिळून पिष्टाचा साठा दीड-दोन हजार उष्मांकांच्या घरात असतो. तासभर चालण्याने तो रिकामा होत नाही.

तिसरा वर्ग आमचा, साठी उलटलेल्यांचा. या वयात वजन उतरते तेव्हा मेदाबरोबर स्नायूही जातात, आणि गेलेला स्नायू परत मिळविणे कठीण. राष्ट्रीय पोषण संस्था वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगते. ६५ किलोच्या माणसास ५४ ग्रॅम. भात, आमटीचे पाणी आणि लोणचे यांतून ती मिळत नाहीत. व्यायाम करणाऱ्या वृद्धाने जे काही जादा खावयाचे ते उसळ, घट्ट वरण, दही, चालत असेल त्यास अंडे, अशा रूपाने खावे, आणि चालण्याच्या जोडीस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे हाही व्यायामच आहे.

मग नित्याचा नियम काय, असे आपण विचाराल. आम्ही स्वतः पाळतो आणि विचारणाऱ्यास सांगतो तो असा. आपला आहार बैठ्या माणसाचा धरून त्यात बेताची तूट ठेवावी. तासाभरापर्यंतच्या चालण्याबद्दल काहीही जादा खाऊ नये. ती रक्कम ताटात मोजताना होणाऱ्या चुकांपोटी सोडून द्यावी. व्यायाम त्याहून बराच अधिक, पळण्याचा किंवा घाम काढणारा असेल, तर यंत्राने सांगितल्याच्या निम्मे खावे. आणि मग आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे. तीन-चार आठवडे पाहावे. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरत असेल तर काही बदलू नये. मुळीच उतरत नसेल तर निम्म्याचे पाव करावे. एक किलोहून अधिक वेगाने उतरत असेल, झोप जात असेल, केस गळत असतील, मासिक धर्म चुकत असेल, जिना चढताना पाय थरथरत असतील, तर अधिक खावे, आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. काटा हा अखेरचा लेखापरीक्षक. फक्त त्याचा एका दिवसाचा शेरा मनावर घेऊ नये, कारण आदल्या रात्रीचे पापड-लोणचे अंगात पाणी धरून ठेवते आणि एक किलोचा फरक सहज पडतो.

कोणी म्हणेल, व्यायामाने जर एवढेच थोडे वजन उतरते तर तो करावा कशाला? या प्रश्नास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार चमत्कारिक रीतीने उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण मेदाचे प्रमाण इंग्रजाच्या शरीरात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या शरीरात २१.२ टक्के! आपली शरीरे अशी आहेत की काटा समाधान मानतो आणि पोटाच्या आत मेद बसलेला असतो. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांकाची सीमा २३ वर आणली आहे, आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. चालण्याने साखर, रक्तदाब, झोप आणि पोटातील मेद यांवर जो इष्ट परिणाम होतो, तो काट्यावर दिसो वा न दिसो, होतच असतो. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात तर व्यायामाचा वाटा मोठा आहे. शिंप्याची टेप चार आण्यांच्या काळापासून घरोघरी आहे. तिचा उपयोग करावा.

शेवटी मुलांविषयी. हे व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर कोणी आपल्या शाळकरी मुलामुलींस हा हिशेब लावू नये. वाढत्या वयात शरीर रोज नवे हाड, नवा स्नायू बांधीत असते, आणि तो खर्च कोणत्याही घड्याळात दिसत नाही. मूल खेळून दमून आले आणि भूक लागली म्हणाले, तर त्यास वाढावे. स्थूल मुलाच्या बाबतीत पाकिटबंद खाऊ, सरबते आणि पडद्यासमोरचे बसणे कमी करावे, पण ताटातील पोळी मोजू नये. तिसरी-चौथीच्या वर्गात दुपारच्या सुट्टीनंतर पेंगणारी आणि सुट्टीपूर्वीच फळ्याकडे रिकाम्या डोळ्यांनी पाहणारी, अशी दोन्ही प्रकारची मुले आम्ही पुष्कळ वर्षे पाहिली आहेत. पहिल्या मुलांचा धडा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येत असे. दुसऱ्यांना आधी डबा लागत असे.